साडेचार लाख पानांचा गठ्ठा

वर्तमानपत्र नुसते वाचणे वेगळे आणि त्याच्या कामाला हात लावणे वेगळे. २००९ साली ब्रिटनमध्ये वाचकांना ही दुसरी संधी मिळाली.

तिथल्या खासदारांच्या भत्त्यांचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. ८ मे २००९ पासून 'डेली टेलिग्राफ' फुटलेल्या कागदांवरून रोज कुणाचे तरी बिंग फोडत होता. एका खासदारांनी तळ्यातल्या बदकांच्या घरकुलासाठी १,६४५ पौंड मागितले होते! (ते मंजूर झाले नाहीत, हा भाग वेगळा.) सभापती मायकेल मार्टिन यांना पायउतार व्हावे लागले.

१८ जूनला संसदेने कागद जाहीर केले, पण जागोजागी काळे फासून. घरांचे पत्तेच झाकलेले. त्यामुळे सोयीप्रमाणे 'दुसरे घर' बदलून भत्ता घेणाऱ्यांचा पत्ता या कागदांवरून लागलाच नसता.

पाने होती ४,५८,८३२. एवढी वाचायला 'गार्डियन'कडे माणसे कुठून असणार? मग त्यांच्या सायमन विलिसन या प्रोग्रॅमरने आठवड्याभरात इंटरनेटवर एक साधी सोय उभी केली. पान उघडा, वाचा आणि चारांपैकी एक बटण दाबा: यात काही नाही; आहे, पण माहीत असलेले; लक्ष देण्याजोगे; याची चौकशी करा. पहिल्या ८० तासांत २०,०००हून अधिक लोकांनी १,७०,००० पाने तपासली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासण्यात ज्याच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या, त्याला या वेगाचे मोल सांगायला नको. इथे तर मानधनही नव्हते.

किती काम झाले हे दाखवणारी पट्टी समोर होती, खासदाराचा फोटोही होता. चेहरा दिसला की हुरूप वाढतो, हा मनुष्यस्वभावच. शिवाय आपल्याच खासदाराचे कागद शोधता येत.

पुढे उत्साह ओसरला. निम्मी पाने तशीच राहिली. खरी खळबळ आधीच्या फुटलेल्या कागदांनीच उडवली होती, हेही मान्य. तरी मला या उद्योगाचे मोल वाटते. कारण बातमीत फक्त बदकांचे घर येते. इथे वाचकाने टेलिफोनची, कागद-पाकिटांची रटाळ बिलेही डोळ्यांखालून घातली. आपला प्रतिनिधी कशावर किती खर्च करतो, याचा अंदाज त्यातूनच येतो.

डिसेंबर २००९मध्ये कागदांचा दुसरा हप्ता आला. तेव्हा 'गार्डियन'ने ढिगाचे लहान लहान वाटे करून वाचकांपुढे ठेवले.