टिळकांचा जामीन आणि न्यायमूर्ती तय्यबजी

लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीत झाला, २३ जुलै १८५६ रोजी. टिळक आळीतले त्यांचे घर आजही लोक पाहायला येतात. त्यांच्यावरील राजद्रोहाचे खटले सर्वांना ठाऊक असतात, पण त्या खटल्यांत त्यांच्या बाजूने कोण उभे राहिले, हे फारसे सांगितले जात नाही. आपण मुसलमानही ते सांगत नाही.

१८९७ साली 'केसरी'तील लेखनावरून टिळकांना अटक झाली. जामीन आधी नाकारला गेला. नंतर बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. हे तय्यबजी म्हणजे १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. पुढे ज्युरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांना दोषी ठरवले आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. तरीही मधले काही आठवडे टिळक तुरुंगाबाहेर होते आणि बचावाची तयारी करू शकले. निकालाआधीच माणसाला शिक्षा भोगायला लावू नये, एवढाच जामिनाचा अर्थ असतो.

१९०८ साली पुन्हा अटक झाली. या वेळी जामिनासाठी उभे राहिले तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना, आणि न्यायासनावर होते तेच दावर. त्यांनी जामीन नाकारला. टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला. मराठी लेखांची सरकारी इंग्रजी भाषांतरे कशी चुकीची आहेत, हे त्यांनी शब्द घेऊन घेऊन दाखवले. ज्युरी सात विरुद्ध दोन अशी गेली आणि दावरांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

१९१६ साली बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून टिळकांकडे वीस हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले गेले. पुन्हा जिनाच वकील होते. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. भाषण तुकड्यांत न वाचता सबंध वाचावे, ही दृष्टी त्या निकालात होती. जिनांच्या पुढच्या राजकारणामुळे त्यांची ही वकिली झाकली गेली, पण ती घडली होती.

मला यात खरा धडा दावरांचा वाटतो. ज्याने जामीन मागितला, त्यानेच अकरा वर्षांनी तो नाकारला. म्हणजे बोलण्याचे स्वातंत्र्य एखाद्या भल्या माणसाच्या भरवशावर सोडता येत नाही. त्यासाठी टिकणारी संस्था लागते. अमेरिकेत येलसारख्या विद्यापीठांच्या कायदा विभागांत असे काम चालते. तरुण वकील तिथे फेलो म्हणून विद्यार्थ्यांना हाताशी घेतात आणि पत्रकारांचे खटले लढवतात.

आपल्याकडे कायदा महाविद्यालयांत मदत केंद्रे असतात. त्यांनी हेही काम हाती घ्यावे. मोबाइलवरच्या एखाद्या स्टेटसवरून कोकणातल्या एखाद्या पोराला पोलीस उचलतात, तेव्हा पहिल्याच दिवशी जामिनाचा अर्ज लिहिणारे कोणी हवे. त्याचे मराठी किंवा उर्दू सबंध वाचून न्यायालयाला नीट समजावणारे कोणी हवे. तो पोरगा आपल्या विचाराचा आहे की नाही, हा प्रश्न तेव्हा विचारायचा नसतो. टिळकांच्या सगळ्याच मतांशी तय्यबजी सहमत नव्हते. जामीन देताना त्यांनी तो हिशेब केला नाही.