तीनशे वावांखालचे शून्य

प्रयोगशाळेतील माझ्या टेबलावर मद्यार्काने भरलेली एक बरणी वर्षानुवर्षे उभी आहे. तीत सर्पाकृती, ठिसूळ भुजांचा एक लहानसा तारामासा आहे. तो सहाशे वाव खोलीवरून आला, असे सांगितले तर आजच्या विद्यार्थ्याला त्याचे काहीच वाटत नाही. (आपले कोळी बांधव खोली वावांत मोजतात, इंग्रजांचा फॅदम म्हणजे तोच, सहा फुटांचा.) एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मात्र विद्वत्सभेत हे विधान संशयानेच ऐकले गेले असते. तीनशे वावांखाली समुद्र निर्जीव आहे, हे तेव्हा जवळजवळ ठरून गेले होते.

या समजुतीचा जनक एडवर्ड फोर्ब्झ हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ. १८४१-४२ मध्ये 'बीकन' या सर्वेक्षण-जहाजावरून त्याने एजियन समुद्राचा तळ शंभराहून अधिक वेळा खरवडून पाहिला. त्याची सर्वांत खोल फेरी २३० वावांची. खाली जावे तसतसे प्राणी विरळ होत गेलेले त्याला दिसले. उतरती रेषा त्याने मनाशी पुढे ओढली आणि ३०० वावांच्या सुमारास जीवसृष्टीचे शून्य येत असावे, असे १८४३ मध्ये मांडले. काळोख, थंडी आणि पाण्याचा प्रचंड दाब ध्यानी घेता ते पटण्याजोगेही होते.

फोर्ब्झला हसणे सोपे आहे. मला ते जमत नाही. त्याचे निरीक्षण प्रामाणिक होते. परंतु एजियन हा अन्नद्रव्यांच्या बाबतीत दरिद्री समुद्र, आणि त्याची तळ खरवडणारी पिशवी लहान तोंडाची, चिखलाने चटकन भरणारी. एका गरीब घराच्या कोठारावरून त्याने साऱ्या गावाचा हिशेब मांडला, एवढेच! १८५४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याच्या अनुमानाला सिद्धान्ताचे रूप आले ते इतरांच्या हातून.

खरे तर विरुद्ध पुरावा आधीपासूनच हाताशी होता. जॉन रॉसच्या दोरीला गुरफटून १८१८ मध्ये बॅफिनच्या उपसागरातून एक मोठा तारामासा वर आला होता. १८६० मध्ये 'बुलडॉग' जहाजावर वॉलिकने १२६० वावांवरून ओढलेल्या दोरीला तेरा तारामासे बिलगलेले पाहिले. ते वर येता येता वाटेत चिकटले असतील, असा आक्षेप आला. त्याच वर्षी सार्डिनिया व आफ्रिका यांच्यामधली तुटलेली तारायंत्राची केबल वर काढण्यात आली. खूप खोल भागातील तुकड्यांवर प्रवाळ वाढलेले होते. केबलला घट्ट जडून वाढलेला प्राणी वाटेत चिकटला, असे कसे म्हणणार?

निर्णायक साक्ष आली नॉर्वेहून. मिकाएल सार्स हा पश्चिम किनाऱ्यावरील लूथरपंथीय धर्मगुरू. उपासना, बाप्तिस्मे आणि अंत्यविधी सांभाळून हा गृहस्थ सागरी जीवांचा अभ्यास करी. प्राध्यापकपद लाभले ते पुष्कळ उशिरा, १८५४ मध्ये. त्याचा पुत्र गेओर्ग सरकारी मत्स्यव्यवसायाच्या कामावर होता. १८६४ मध्ये लोफोटेन बेटांजवळ, नेमक्या तीनशे वावांच्या आसपास, त्याला देठावर कमळासारखा उमलणारा एक क्रिनॉइड सापडला. याचे निकटचे आप्त तोवर खडूच्या खडकांतील जीवाश्म म्हणूनच परिचित होते. १८६८ पर्यंत पित्याने २०० वावांहून खोल राहणाऱ्या चारशेहून अधिक प्राण्यांची यादी सिद्ध केली. कुठलाही वाद न घालता!

तो क्रिनॉइड पाहून वायव्हिल थॉमसन भारावला. पुढे १८६९ मध्ये 'पॉर्क्युपाइन'वरून २४३५ वावांवरचे जिवंत प्राणी त्याने वर आणले, आणि १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर'ने पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर'वर १८८८ पासून शल्यचिकित्सक आल्कॉकने अरबी समुद्राचा व बंगालच्या उपसागराचा खोल तळ तपासला. १९५१ मध्ये डेन्मार्कच्या 'गॅलाथिया'ने फिलिपाइन्सजवळ दहा हजार मीटरहून खोल असलेल्या गर्तेतूनही जीव काढले.

एवढे होऊनही १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ, सुमारे अडीच हजार मीटर खोल समुद्रतळावरील उष्ण झरे पाहण्यास निघालेल्या मंडळींत भूशास्त्रज्ञ होते, रसायनशास्त्रज्ञ होते. जीवशास्त्रज्ञ मात्र एकही नव्हता. झऱ्याभोवती शिंपल्यांची व लाल तुऱ्याच्या नळीकृमींची दाटी दिसली, तेव्हा नमुने टिकवण्यास पुरेसे रसायनही जहाजावर नव्हते. काही प्राणी त्यांनी रशियन व्होडकात बुडवून किनाऱ्यावर आणले.