हुरड्याची आगटी आणि बायांचा हिशेब



थंडी पडली, शाळू चिकात आला, की पै-पाहुण्यांचं एकच विचारणं सुरू होतं, "हुरड्याला कधी बोलावता?" आज आपण या हुरड्याचाच इतिहास बघू. हुरड्याच्या गप्पांत रान कुणाचं, आगटी कुणी पेटवली, हे सगळं येतं. चटणी कुणी कुटली, हे मात्र येत नाही.

ज्वारी मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि इथल्या काळ्या रानात इथलीच झाली. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या भागांत पावसाळा सरताना पेरलेला शाळू जमिनीतल्या ओलीवरच पोसतो. भाकरीसाठी मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी घरोघरी गेली. पण हुरड्यासाठी शेतकरी बांधाकडेला चार ओळी वेगळ्या टाकायचे. गुळभेंडी, कुचकुची, सुरती, अशी त्यांची नावं. दाणा गोड, मऊ आणि चोळला की बोंडातून पटकन सुटणारा. त्यातली चांगली कणसं निवडून आढ्याला टांगायची आणि पुढच्या पेरणीपर्यंत जपायची, हे काम बहुतेक घरांत बाईचंच.

जुनी रीत सोपी होती. रानात खड्डा करायचा, गोवऱ्या पेटवायच्या, निखारा झाला की कणसं त्यात खुपसायची. भाजलेलं कणीस हातावर चोळायचं, सुपात पाखडायचं, की गरम हुरडा तयार. सोबत शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी, गूळ, दही, बोरं, हरभऱ्याचा डहाळा. वर पाणी न पिता ताक प्यायचं. बसायला घोंगडी, वाढायला पळसाचं पान. बहुतेक सगळं रानातलं आणि घरचं. पैशाचा प्रश्नच नव्हता, बोलावणं असायचं.

पण त्या बोलावण्यालाही दुसरी बाजू होती. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या बाया सांगतात, आगटीभोवती सगळ्यांना सारखी जागा नसायची. ज्यांनी रान राखलं, खुरपलं, त्यातल्या कितीतरी जणांना जातीमुळे लांब बसवून ओंजळीत वरून हुरडा टाकला जायचा. आणि आदल्या रात्री चटण्या कुटणारी घरची बाई सगळ्यांच्या मागून खायची, तोवर आगटी विझलेली असायची.

मग काळ बदलला. १९६४ साली 'सीएसएच-१' ही संकरित ज्वारी आली आणि गावोगावी 'हायब्रीड' हा शब्द रुळला. १९७२च्या दुष्काळात बाहेरून आलेली लाल मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. पुढं रेशनचा गहू-तांदूळ घरात आला, रानात ऊस आणि सोयाबीन आलं. ज्वारीचं रान कमी होत गेलं. जो हुरडा प्रत्येक शिवारात होता, तो दुर्मिळ झाला आणि दुर्मिळ झाल्यावर त्याला किंमत आली. शहरातली माणसं गाड्या करून हुरड्याला येऊ लागली. कृषी विद्यापीठांनी हुरड्यासाठी खास वाण दिले, राहुरीचा 'फुले उत्तरा', परभणीचा 'परभणी वसंत'. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं गेलं.

किंमत आली, पण ती कुणाच्या पदरात पडली? मागं एका आयोजकानं आमच्या गटाला हुरड्याच्या दिवशी भाकरी-चटणीसाठी बोलावलं. दिवसभर चुलीपुढं बसलो, हातावर रोजंदारी पडली. पाहुणे जाताना म्हणाले, "चटणीसाठी पुन्हा येऊ." घरी येऊन आम्ही वही काढली. कणसं, गोवऱ्या, तेल, शेंगदाणे आणि बायांचे तास, सगळं लिहिलं. पहिल्यांदाच कळलं, की सगळ्यात मोठा आकडा बायांच्या तासांचा आहे आणि तोच आम्ही कधी मांडला नव्हता.

पुढच्या हंगामात आम्ही स्वतः आगटी पेटवली. एका ताईच्या रानात आठ-आठ दिवसांच्या अंतरानं तीन टप्प्यांत पेरणी केली. सगळं एकदम पेरलं असतं, तर हुरडा आठवडाभरात निबर झाला असता. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या काही नाही, घोंगडी आणि पत्रावळ्याच ठेवल्या. लोकांना तेच आवडलं. चटण्या आठ दिवस आधी कुटल्या, म्हणून त्या दिवशी कुणाचा जीव मेटाकुटीला आला नाही. दर ठरवताना तासांची मजुरी आधी धरली. आणि एक दिवस बिनपैशाचा ठेवला, शेजारपाजाऱ्यांसाठी, मजूर बायांसाठी. त्या दिवशी सगळ्या जणी एकाच आगटीभोवती बसल्या. ओंजळीत हुरडा घेतलेली आमच्यातली एक आजी त्या दिवशी पहिल्यांदा सुपाजवळ बसली. बराच वेळ ती नुसती चोळत राहिली, खाल्लं नाहीच.

तुमच्याकडे हुरडा नसेल, तर रायगडात वालाच्या शेंगांची पोपटी असेल, लातूरकडे वेळ अमावस्येची भज्जी-आंबील असेल, कुठं हरभऱ्याचा हावळा असेल. जरूर बोलवा पाहुणे. फक्त आधी वही काढा, आपले तास लिहा. आणि आगटी पेटली, की पहिला घास कुणाला आणि बसायला जागा कुणाला, तेही आधीच ठरवा.