पाचगणीच्या हवेपासून सोन्याच्या नॅनोकणांपर्यंत

सातारा आणि सांगली या भागातील क्षयरोगाविरुद्धच्या लढ्याची सुरुवात हवापालटाने झाली. जॉन चेसन यांनी १८६० च्या दशकात पाचगणी वसवली. सुमारे १३०० मीटर उंची आणि महाबळेश्वरापेक्षा कमी पाऊस यांमुळे हे ठिकाण छातीच्या रोग्यांना मानवते, असा लौकिक झाला. रोगाचे कारण तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. रेंगाळणारा ताप, खोकल्यातून पडणारे रक्त आणि झिजत जाणारे शरीर पाहूनच वैद्य-डॉक्टर निदान करत. ही लक्षणे उमटेपर्यंत रोग बळावलेला असे आणि घरातल्या इतरांनाही त्याची बाधा झालेली असे.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जीवाणू जाहीर केला. लवकरच त्याला रंगवण्याची झील-नील्सन पद्धत रूढ झाली. बेडका काचपट्टीवर पसरून त्यावर तांबडा रंग चढवायचा, मग आम्लाने धुवायचे. बाकी सर्व पेशी रंग सोडतात; क्षयाचा जीवाणू मात्र मेणचट आवरणामुळे तो धरून ठेवतो आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल काडीसारखा दिसतो.

याच काळात मिरजेत आधुनिक वैद्यकाचे केंद्र उभे राहत होते. १८८९ साली भारतात आलेले अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. पुणे, कोल्हापूर आणि बेळगावकडे जाणारे लोहमार्ग मिरजेत मिळत असल्याने दूरदूरचे रुग्ण तेथे येत. पुढे सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. त्या परिसराचे नाव वानलेसवाडी पडले. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर सॅनेटोरियम स्थापन केले. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हाच तेव्हाचा उपचार होता. जीवाणू सापडला, तरी त्याला मारणारे औषध नव्हते.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि निदानाला नवा अर्थ आला. रोग जितका लवकर ओळखावा, तितका तो बरा होण्याची आशा वाढली. १९४९ मध्ये उत्तर आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. १९६२ पासून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने जिल्हा केंद्रांमार्फत बेडका तपासणी ग्रामीण भागापर्यंत नेली. ती स्वस्त आणि विश्वासार्ह होती. परंतु एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जीवाणू असल्याखेरीज ते सूक्ष्मदर्शकाखाली सहजी सापडत नाहीत. कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जीवाणू वाढवून पाहण्याच्या पद्धतीत, त्याहून फार थोडे जीवाणूही वाढतात, पण त्याला कित्येक आठवडे लागतात.

ही अडचण एचआयव्हीच्या साथीत अधिक जाणवली. या साथीविरुद्ध संग्राम ही संस्था १९९२ पासून सांगली परिसरात देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये प्रतिबंधाचे काम करत आहे. एचआयव्हीग्रस्तांना क्षय झाल्यास बेडक्यात जीवाणू पुष्कळदा कमी असतात आणि काचपट्टी कोरी निघते. अशा रुग्णांसाठी नॅनोतंत्रज्ञान उपयोगी पडले. क्षयाच्या जीवाणूच्या आवरणातील लॅम नावाचा घटक लघवीत उतरतो. चाचणीपट्टीवर त्याला पकडणारी प्रतिपिंडे असतात आणि ती सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जोडलेली असतात. एवढ्या लहान आकारात सोने पिवळे न दिसता तांबडे दिसते. ही गोष्ट मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्येच अभ्यासली होती. लॅम असल्यास कण एका रेषेवर गोळा होतात आणि रेषा उघड्या डोळ्यांना दिसते. सुमारे अर्ध्या तासात उत्तर मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ठरावीक एचआयव्हीबाधित रुग्णांसाठी या चाचणीची शिफारस केली.

दुसरी वाट जनुकीय तपासणीची आहे. गोव्यातील मोलबायो कंपनीची ट्रूनॅट चाचणी छोट्या चिपवर जीवाणूचा डीएनए वाढवून ओळखते. हे यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीला मान्यता दिली. रिफॅम्पिसिन या औषधाला जीवाणू दाद देतो की नाही, हेही ट्रूनॅटच्या पुढच्या चिपवर कळते.

झटपट मिळणारे प्रत्येक उत्तर मात्र खरे नसते. क्षयाच्या निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या भारतात सर्रास विकल्या जात. त्यांचे निष्कर्ष चुकीचे ठरत असल्याने केंद्र सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. नॅनोकणांवर आधारलेल्या नव्या चाचण्यांनाही हीच कसोटी लागू आहे: प्रयोगशाळेतील यश पुरेसे नाही, खऱ्या रुग्णांवर खात्री पटली पाहिजे.

पाचगणीच्या सॅनेटोरियमपासून सोन्याच्या कणांच्या चाचणीपट्ट्यांपर्यंतच्या वाटचालीत नमुना आणि उत्तर यांच्यातील अंतर आठवड्यांवरून तासांवर आले. हे अंतर कमी झाल्याचा लाभ मात्र निदानानंतर सहा महिने वा त्याहून अधिक काळ औषधे पुरी घेणाऱ्या रुग्णालाच मिळतो. म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असणाऱ्या प्रत्येकाने जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. ती तेथे मोफत होते.