पॉप कोलाज

नियतकालिकांतील जाहिराती, छायाचित्रे व चित्रकथांची मुखपृष्ठे कातरून त्यांच्या जुळणीतून उपभोगप्रधान जीवनाचे दर्शन घडविणारा चित्रप्रकार. कोलाजचे तंत्र पिकासो व ब्राक यांनी १९१२ च्या सुमारास चित्रकलेत आणले आणि बर्लिनच्या दादापंथीयांनी त्यास राजकीय धार दिली. तथापि बाजारपेठेच्याच कागदांतून बाजारपेठेची चिकित्सा करण्याचा उद्योग मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये ‘इंडिपेंडंट ग्रुप’ या मंडळीने आरंभिला. त्यांपैकी एदुआर्दो पाओलोत्सी याने अमेरिकन मासिकांतील आपली कातरणे १९५२ मध्ये एका व्याख्यानात पडद्यावर दाखविली.

या प्रकारातील सर्वांत अर्थगर्भ कृती रिचर्ड हॅमिल्टन (१९२२–२०११) याची होय. व्हाइटचॅपल कलादालनात १९५६ साली भरलेल्या ‘धिस इज टुमॉरो’ या प्रदर्शनाच्या सूचिपुस्तकासाठी व भित्तिपत्रकासाठी त्याने ती रचली. म्हणजे छापील कागदातून जन्मलेली ही कृती पुन्हा छापील कागदासाठीच सिद्ध झाली. जेमतेम २६ सेंमी. उंचीच्या त्या चौकटीत एक दिवाणखाना थाटलेला असून, त्यात ‘पॉप’ अशी अक्षरे मिरविणारा प्रचंड लॉलीपॉप हाती धरलेला पीळदार पुरुष, कोचावरील विवस्त्र स्त्री, टेपरेकॉर्डर, दूरचित्रवाणी, जिन्यावर व्हॅक्यूम क्लीनर चालविणारी बाई, फोर्ड कंपनीचे चिन्ह ल्यालेला दिवा आणि तसबिरीच्या इतमामाने भिंतीवर टांगलेले प्रेमकथांचे मुखपृष्ठ असा सारा सरंजाम दाटला आहे. मेजावर, जिथे एखादे शिल्प शोभावे तिथे, हॅमचा डबा ठेवलेला आहे. ब्रिटनमध्ये मांसावरील शिधावाटपाचा अंमल जुलै १९५४ मध्ये संपला, हे ध्यानी घेतल्यावाचून त्या डब्याचे मोल कळणार नाही: दोनच वर्षांपूर्वीपर्यंत ज्याला मांस मोजून मिळत होते, त्या प्रेक्षकाला ही अमेरिकन सुबत्ता हास्यास्पद वाटण्याआधी हवीहवीशी वाटली असली पाहिजे. म्हणूनच या कोलाजला निव्वळ निर्भर्त्सना समजणे अन्यायाचे आहे. त्यातील टीका अभिलाषेच्या पोटातूनच उपजते, आणि तेच तिचे सामर्थ्य. जानेवारी १९५७ मध्ये वास्तुकार स्मिथसन दांपत्यास लिहिलेल्या पत्रात हॅमिल्टनने लोकप्रियता, क्षणभंगुरता, अल्प किंमत, घाऊक उत्पादन, तारुण्य व मोठा व्यापार ही पॉप कलेची लक्षणे नोंदविली, तीही निषेधाचा सूर न लावता.

पुढे न्यूयॉर्कमध्ये अँडी वॉरहॉलने १९६२ साली सूपचे ३२ डबे स्वतंत्र फलकांवर रंगविले, तेव्हा कातरीच्या कडा लोपल्या आणि वस्तू एकटीच उरली. हॅमिल्टनचे मूळ कोलाज जर्मनीतील ट्युबिंगेनच्या कलादालनात आहे.