कपडेपटातली नऊवारी

१९०५ साली मिरजेत, 'संगीत शाकुंतल'च्या प्रयोगात, नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभा राहिला. आजच्या हिशोबाने बारावीतला पोरगा. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच गेले होते आणि किर्लोस्कर मंडळीला गाणारी नायिका हवी होती. नारायणाची निवड झाली ती गळ्यावर. नाटक कंपन्यांची रीतच तशी होती: आधी गळा, मग रूप, मग महिनोन्‌महिने तालीम. कपडे सगळ्यात शेवटी. ते नटाचे नसतच, कंपनीचे असत. शालू, दागिने, केसांचे टोप, सगळं कपडेपट नावाच्या खात्यात सांभाळलेलं. भूमिका मिळाली की त्यातून वेश मिळायचा.

आता हा क्रम उलटा झालाय. माझी मामेबहीण भाईंदरला राहते, एफवायला आहे. त्यांच्या कॉलेजात 'संगीत सौभद्र'ची छोटी आवृत्ती बसवायची ठरली आणि ऑडिशनच्या आदल्या आठवड्यात तिचा मेसेज आला: 'दादा, नऊवारी नेसू का? नथ घालू का? सगळ्या मुली दादरहून ड्रेपरी आणतायत.' सोबत एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ. म्युझिकलच्या ऑडिशनला भूमिकेची फक्त झाक दिसेल असं काहीतरी घाला, पूर्ण वेश करून जाऊ नका, आणि बूट नाचता येतील असे हवेत, असा त्यांचा सल्ला. बुटांचा भाग सोडून द्या. आपल्याकडे तालमीच्या हॉलबाहेर चपला काढून, जमिनीला हात लावून आत जायचं असतं. पण पूर्ण वेश करू नका, हे त्या बाई बरोबर सांगत होत्या, आणि त्याची आपल्याकडची कारणं त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही.

नाट्यपद म्हणणारी मुलगी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, म्हणजे भरजरी नऊवारी, नथ, अंबाड्यावर गजरा, ते मुख्यतः एका पुरुषाने घडवलं आहे. तो नारायण पुढे बालगंधर्व झाला. 'मानापमान' (१९११) मधली भामिनी, 'स्वयंवर' (१९१६) मधली रुक्मिणी या भूमिकांतलं त्यांचं नेसणं, पदर घेणं, गजरा माळणं पाहून पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका तसं करू लागल्या, हे आपण कौतुकाने सांगतो. सांगण्यासारखं आहेच. पण त्या वेशाला एक काम होतं, ते आपण विसरतो. आत पुरुषाचं शरीर होतं, ते दिसू द्यायचं नव्हतं. पदर कुठून कुठवर यावा, गळ्यात किती दागिने असावेत, हात कुठे ठेवावेत, यातलं बरंचसं सौंदर्य हे झाकण्याच्या कलेतून आलेलं आहे. स्त्रीपार्टी नटाची ती गरज होती.

गंमत म्हणजे 'मानापमान'ची गोष्टच कपड्यांवर चालते. श्रीमंत भामिनी गरीब धैर्यधराचा अपमान करते आणि मग स्वतः गरीब वनमाला बनून त्याच्यासमोर जाते. म्हणजे पुरुष बाई झालाय आणि ती बाई पुन्हा दुसरी बाई झालीय. कोडिंगच्या भाषेत रॅपरवर रॅपर. याच नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १२ मार्च १९११ ला, बालगंधर्वांची मुलगी वारली. त्यांनी भामिनीचा वेश चढवला आणि प्रयोग केला. तो वेश काय काय झाकू शकत होता, हे मला या प्रसंगातून जितकं कळतं तितकं कुठल्याच समीक्षेतून कळलेलं नाही. आणि १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते पुरुषवेशात, संत एकनाथ म्हणून आले, तेव्हा प्रेक्षकांना ते फारसे रुचले नाहीत. लोकांना आवाज हवा होता, पण त्या शालूतला.

तोपर्यंत रंगमंचावर दुसरंच काही घडू लागलं होतं. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये स्वतःची नाटक कंपनी काढली आणि तिथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या. १ जुलै १९३३ ला मुंबईत 'नाट्यमन्वंतर'चं 'आंधळ्यांची शाळा' आलं. त्यातली बिंबा ज्योत्स्ना भोळे यांनी केली. गोव्याहून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी. आज एसवायला असती. पदं मोजकी, घर साध्या मध्यमवर्गीयांचं. बाईच बाईचं काम करत होती, त्यामुळे वेशावरची ती जुनी जबाबदारी एका रात्रीत संपली. काही झाकून काही भासवायचं उरलं नाही. तरी आपल्या मनातलं गाणाऱ्या नायिकेचं चित्र १९१६ मध्येच अडकून बसलंय.

कॉलेजच्या वयाच्या, हौशी मंडळींनी या चित्राला सगळ्यात मोठा धक्का दिला तो पुण्यात, १६ डिसेंबर १९७२ ला. 'घाशीराम कोतवाल'मध्ये धोतर नेसलेले, उघड्या अंगाचे ब्राह्मण एका ओळीत उभे राहून गातात, नाचतात, आणि प्रेक्षकांकडे पाठ केली की त्यांचीच भिंत होते. भास्कर चंदावरकरांचं संगीत, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. झगमगाट माणसांच्या हालचालीत, कपड्यांत नाही. अलीकडच्या 'संगीत देवबाभळी'त (२०१७) तर दोनच बायका आहेत, आवली आणि लखुबाई. घरकाम करता करता गाणाऱ्या.

याचा अर्थ नऊवारी वाईट, असा मुळीच नाही. आमच्याच महापालिकेच्या हद्दीत, उत्तनला, कोळणी जी नेसतात ती पाहा. घट्ट काष्टा, पोटऱ्या मोकळ्या. मासळीची टोपली घेऊन चालायला, वाकायला, भांडायला सोयीची. त्यात पोट भरून श्वास घेता येतो. दादरहून भाड्याने आणलेल्या शिवलेल्या नऊवारीत तो घेता येईलच असं नाही. कमरेशी ती कुणा दुसरीच्या मापाची असते. तान घेताना अडचण होते ती नेमकी तिथेच.

म्हणून मी बहिणीला विचारलं, 'मांडी घालून बसता येतं, उठता येतं, पोटातून श्वास घेता येतो, असं तुझ्याकडे काय आहे?' आणखी एक अट मी आपल्या मनाची घातली: भाईंदरहून सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये चढून उतरल्यावरही ते अंगावर धड राहिलं पाहिजे. या अटीवर निम्मं कपाट बाद झालं. नथीचं तिने विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं की 'र'चा उच्चार करताना ओठांवर काही हललं की लक्ष तिकडे जातं. मामीला हे पटलं नाही. तिच्या मते सुभद्रा म्हणजे सुभद्रा.

शेवटी ती मेंदी रंगाचा सुती कुर्ता, सलवार आणि कमरेला बांधलेली ओढणी अशी गेली. हॉलमध्ये चार मुली पूर्ण सुभद्रा होऊन बसल्या होत्या. त्यातल्या एकीचं गाणं फार सुंदर झालं, असं तिनेच सांगितलं. हिचा नंबर आला तेव्हा पेटीवाल्या काकांनी मान वर न करता एकच विचारलं, 'पट्टी कुठली?'

'काळी चार,' ती म्हणाली आणि मांडी घालून बसली.