फ्लॉरेन्स येथील दोन दिवस : भिंतीवरील चित्र आणि त्याचे काम

रोम येथे धर्मशास्त्राचे अध्ययन करणाऱ्यांपैकी शनिवार-रविवार साधून फ्लॉरेन्सला जाऊन आला नाही असा विद्यार्थी विरळाच. आगगाडीने अंतर थोडे आणि नगराची कीर्ती मोठी. परंतु बहुतेक जण परततात ते दमून आणि गोंधळून. उफीत्सी संग्रहालयातच एक दिवस संपतो. दुसऱ्या दिवशी मायकेलअँजेलोचा दावीद, कॅथीड्रलचा घुमट आणि बाप्तिस्मागृहाची कांस्यद्वारे डोळ्यांखालून घालता घालता परतीच्या गाडीची वेळ होते. आम्ही विद्यार्थिदशेत तेथे गेलो तेव्हा संग्रहालयांचा मोह आवरून, ज्या भिंतीसाठी चित्र काढले त्याच भिंतीवर ते अद्याप आहे अशाच जागा पाहावयाच्या, असे ठरविले होते. संग्रहालयात टांगलेल्या वेदीचित्राची कारागिरी दिसते. पण त्याच्यापुढे मिस्सा होत नाही, मेणबत्ती लागत नाही, कोणी गुडघे टेकीत नाही. ते चित्र कोणते काम करण्यासाठी निर्माण झाले होते हे तेथे उमगणे कठीण. आणि धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना चित्राविषयी काही विचारावयाचे असेल तर ते हेच, की त्याने कोणाचे कोणते काम केले?

आर्नो नदीच्या दक्षिण तीरावर कार्मेलाइट संघाच्या चर्चमध्ये ब्रांकाच्ची कुटुंबाचे छोटे प्रार्थनालय आहे. १४२५ च्या सुमारास मासोलिनो आणि मासाच्चो या दोघा चित्रकारांनी तेथे संत पेत्राचे चरित्र रंगविण्यास आरंभ केला. मासाच्चो १४२८ च्या सुमारास रोममध्ये वारला, तेव्हा त्याचे वय अवघे सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. अपुरे राहिलेले काम पुढे पन्नासएक वर्षांनी फिलिप्पीनो लिप्पीने पुरे केले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील सतराव्या अध्यायात मंदिराच्या पट्टीची गोष्ट आहे. मासाच्चोने त्या गोष्टीचे तीन प्रसंग एकाच चित्रात मांडले आहेत. मध्यभागी प्रभू आणि शिष्य. पट्टी मागणारा जकातदार आमच्याकडे पाठ करून उभा. डावीकडे पेत्र वाकून माशाच्या तोंडातून नाणे काढीत आहे, आणि उजवीकडे तोच पेत्र ते नाणे जकातदाराच्या हातावर ठेवीत आहे. सर्व आकृत्यांवर प्रकाश पडतो तो प्रार्थनालयाच्या खऱ्या खिडकीच्या दिशेने. वेदीजवळच्या दुसऱ्या चित्रात पेत्राच्या सावलीने रोगी बरे होतात. प्रेषितांच्या कृत्यांतील ती यरुशलेमची वाट येथे फ्लॉरेन्समधील गल्लीसारखी दिसते आणि रोगीही त्या गल्लीतलेच वाटतात. अक्षरओळख नसलेल्या माणसाला अर्थ कळावा म्हणून याहून अधिक काय करावयाचे? या चित्रांच्या नकला काढून तरुण चित्रकार शिकत. त्यांपैकी तोर्रिज्यानो नावाच्या एकाने मायकेलअँजेलोच्या नाकावर ठोसा मारून ते कायमचे मोडले. विद्यार्थ्यांची भांडणे पंधराव्या शतकातही होती, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु आमचा बहुतेक वेळ गेला तो सान मार्को मठात. पोप यूजीन चौथे यांनी १४३६ साली ही वास्तू फिएझोले येथील सुधारक डोमिनिकन मठवासीयांना दिली. कोसिमो दे मेदिची या सावकाराने खर्च सोसला आणि मिकेलोत्सो या वास्तुशिल्पज्ञाने ती नव्याने बांधली. १४४३ च्या प्रकटीकरणाच्या सणाला पोपमहाशयांच्या उपस्थितीत चर्चचे पवित्रीकरण झाले. भिंती रंगविण्याचे काम मठातीलच एका बंधूकडे आले. त्यांचे मूळ नाव ग्वीदो दी पिएत्रो, संघातील नाव बंधू जोव्हान्नी. जग त्यांना फ्रा आंजेलिको म्हणून ओळखते. १४५५ साली रोम येथे त्यांचे निधन झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८२ साली त्यांना धन्य म्हणून मान्यता दिली आणि १९८४ साली कलावंतांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

जिना चढून वरच्या मजल्यावर पाऊल ठेवताच समोर देवदूताच्या वार्तेचे चित्र येते. कुंपणापलीकडे बाग, पुढे साध्या खांबांची ओसरी, लाकडी तिवईवर बसलेली कुमारी मरिया आणि तिच्यापुढे गुडघा वाकविलेला गाब्रिएल. चित्राच्या तळाशी लॅटिन अक्षरांत सूचना आहे : येथून जाताना ‘नमो मरिया’ म्हणण्यास विसरू नये. येथून जाणारे होते मठवासी, रात्रीच्या प्रार्थनेसाठी झोपेतून उठून खाली जाणारे आणि पुन्हा वर येणारे. म्हणजे हे चित्र पाहण्यासाठी नव्हतेच; ते आठवण करून देण्यासाठी होते. फ्लॉरेन्सच्या लोकांना २५ मार्च हा वार्तेचा सण विशेष प्रिय. १७५० साली १ जानेवारी हा वर्षारंभ अमलात येईपर्यंत त्या नगराचे नवे वर्षच २५ मार्चला सुरू होत असे.

त्या मजल्यावर चाळीसहून अधिक खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत एक लहान खिडकी आणि तिच्या शेजारी भिंतीवर एक चित्र, जणू दुसरी खिडकीच. तिसऱ्या खोलीत वार्तेचाच प्रसंग पुन्हा आहे. पण येथे बाग नाही, शोभिवंत खांब नाहीत. पांढऱ्या रिकाम्या कमानीखाली मरिया आणि देवदूत, आणि डाव्या कडेला डोक्यावर जखम असलेले हुतात्मे संत पेत्र हात जोडून उभे. त्या हुतात्म्यांनी पाहावे तसेच खोलीतल्या माणसाने पाहावे, अशी ही योजना. सातव्या खोलीतील चित्र तर प्रथमदर्शनी विचित्र वाटते. डोळे बांधलेले प्रभू आसनावर बसले आहेत. सभोवती थुंकणारे एक मस्तक आणि मारणारे हात, पण त्या हातांना शरीरे नाहीत. खाली पवित्र मरिया विचारमग्न बसली आहे आणि संत डोमिनिक मांडीवर पुस्तक घेऊन वाचीत आहेत. ते वर पाहतच नाहीत! वर जे दिसते ते त्यांच्या वाचनातून दिसते. मारणारे कोण होते, कसे होते, हे रंगविण्यात चित्रकाराला रस नव्हता. शास्त्रवाचनाने मनन कसे घडते हे त्या एका चित्राने आम्हांस जितके समजले तितके तासिकांतून समजले नव्हते. नवशिक्या उमेदवारांच्या खोल्यांत संत डोमिनिक क्रुसापुढे निरनिराळ्या अवस्थांत दिसतात : कोठे वाकलेले, कोठे हात पसरलेले, कोठे पाठीवर आसूड ओढणारे. प्रार्थना शरीरानेही शिकावयाची असते हा त्यातला पाठ.

येथे एक विसंगती आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. कोसिमोने स्वतःसाठी याच मठात एकावर एक अशा दोन खोल्या राखून ठेवल्या होत्या, आणि त्यांतील वरच्या खोलीत मागी राजांच्या वंदनाचे मोठे चित्र आहे. सावकाराने प्रभूच्या चरणी राजांना पाहावे हे योग्यच. पण राजांमध्ये त्याने स्वतःलाही पाहिले नसेल असे म्हणवत नाही. चित्र कोणाचे काम करते, देवाचे की देणगीदाराचे, हा प्रश्न याच मठातून पुढे मोठ्या आवाजात विचारला गेला.

तो विचारणारे जिरोलामो साव्होनारोला. फेर्रारा येथे १४५२ साली जन्मलेले हे डोमिनिकन प्रवचनकार १४९१ साली सान मार्कोचे मठाधिपती झाले. १४९४ साली मेदिची घराणे हद्दपार झाल्यावर नगरावर त्यांच्या शब्दाचा प्रभाव बसला. पवित्र मरियेला भरजरी वेषात, वेश्येसारखी नटवून रंगविणाऱ्या चित्रकारांवर त्यांनी प्रवचनांतून कोरडे ओढले. ७ फेब्रुवारी १४९७ रोजी, प्रायश्चित्तकाळाच्या आदल्या दिवशी, नगरचौकात चैनीच्या वस्तूंची प्रसिद्ध होळी पेटली. आरसे, खोटे केस, मुखवटे, पत्ते, फासे, पुस्तके आणि काही चित्रेही तीत जळाली. बोत्तिचेल्लीने आपली चित्रे त्या आगीत टाकली असे पुष्कळदा सांगितले जाते. त्याला समकालीन पुरावा नाही. त्याच वर्षी पोप अलेक्झांडर सहावे यांनी साव्होनारोलांना बहिष्कृत केले. १४९८ च्या झावळ्यांच्या रविवारी जमावाने मठावर हल्ला केला, आणि २३ मे रोजी त्याच चौकात त्यांना दोघा सहकाऱ्यांसह फाशी देऊन जाळण्यात आले. राख आर्नो नदीत टाकली. चौकाच्या फरसबंदीत ती जागा दाखविणारी वर्तुळाकार शिळा आहे.

साव्होनारोला चित्रांचेच वैरी होते असे सहज म्हटले जाते. आम्हांस ते पटत नाही. ज्या मठाच्या भिंती आंजेलिकोंनी रंगविल्या त्याच मठात ते राहत होते, आणि तेथील एकाही चित्रावर त्यांनी हात टाकला नाही. त्यांच्या प्रवचनांनी हेलावलेला चित्रकार बाच्चो देल्ला पोर्ता १५०० साली डोमिनिकन झाला आणि पुढे सान मार्कोतच चित्रे काढीत राहिला. साव्होनारोलांचे प्रसिद्ध व्यक्तिचित्र याच फ्रा बार्तोलोमेओंनी काढले. साव्होनारोलांचा प्रश्न रास्त होता. घरोघर मुलांना पाठवून वस्तू गोळा करविणे आणि वाद सोडविण्यास अग्नी वापरणे, हे मात्र रास्त नव्हते. आणि तोच अग्नी शेवटी त्यांच्यावर उलटला.

मठापासून थोड्याच अंतरावर अनाथ अर्भकांचे आश्रयस्थान आहे. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने ते स्थापिले आणि १४१९ पासून ब्रुनेलेस्कीने त्याची ओवरी बांधली. ५ फेब्रुवारी १४४५ रोजी, संत अगाथाच्या सणाला, पहिले अर्भक आले. ती मुलगी होती आणि तिचे नाव अगाता ठेवले. कमानींच्या मधल्या निळ्या वर्तुळांत बाळोत्यात गुंडाळलेली पांढरी बालके दिसतात, ती अंद्रेआ देल्ला रोब्बियाने १४८७ साली भाजलेल्या मातीची केली. आत काय चालते हे सांगणारी यापेक्षा साधी पाटी आम्ही पाहिलेली नाही. ती संस्था आजही मुलांसाठी काम करीत आहे.

फ्लॉरेन्सचे आमच्या प्रदेशाशी असलेले नाते बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, अवघ्या विसाव्या वर्षी, येथेच वारले. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला. तेथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे आणि जवळच्या पुलाला ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. दुसरे नाते गोव्याचे. जुने गोवे येथील बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी ज्या संगमरवरी बैठकीवर आहे, ती मेदिची घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील टस्कनीचे महाड्यूक कोसिमो तिसरे यांची देणगी. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराने ती फ्लॉरेन्समध्ये घडविली. तिचे सुटे भाग घेऊन प्लाचिदो रामपोनी हा कारागीर समुद्रमार्गे गोव्यास आला आणि १६९८ साली त्याने ती जागेवर उभी केली. तिच्या चारही बाजूंस झेवियर यांच्या जीवनातील प्रसंगांचे कांस्यफलक आहेत. ते जेथे बसविण्यासाठी घडविले गेले, तेथेच अद्याप आहेत. भाविकांची दृष्टी वरच्या पेटीकडे जाते आणि फलक बहुधा न पाहताच रांग पुढे सरकते. पुढील खेपेस गोव्यास जाणाऱ्या धर्मशिक्षकाने रांगेतून थोडे बाजूला होऊन ते चारही फलक पाहावेत आणि मुलांना त्यांतील गोष्टी तेथेच उभे राहून सांगाव्यात.